तिवराला झाड म्हणत नाहीत

खेकडा हाती लागला की थोरल्या जावेला त्याच्याशी बोलायची सवय होती. "ये बाबा, फार चिखल तुडवायला लावलास," म्हणत ती त्याच्या नांग्या सुतळीने बांधायची. करंगळीचं टोक एका खेकड्यानेच नेलं होतं, पण तिचा त्यांच्यावर राग नव्हता. "घर त्याचं, चोर मी," म्हणायची.

थोरली पकडायची, धाकटी जाऊ बाजारात विकायची. दोघींचे नवरे एकाच होडीतून गेले ते परतलेच नाहीत. तेव्हापासून चूल एक. भांडणं रोजची, पण अबोला कधी दुपारपलीकडे टिकला नाही.

हे सगळं चालायचं ते खाडीकाठच्या तिवरांच्या जिवावर. चिखलातून बोटं वर काढावीत तशी त्यांची मुळं. त्यांच्या आडोशाला खेकडे आणि माशांची पिल्लं, फांद्यांवर बगळ्यांची घरटी. उधाणाचं पाणी तिथेच दमायचं, दाराशी यायचं ते पाय धुण्यापुरतं. पण तिवराला झाड म्हणायची तिथे रीतच नव्हती. झाड म्हणजे फळं देणारं, ज्याच्या सावलीत खाट टाकता येते ते. तिवर म्हणजे तिवर.

एकदा मोजणीचा कारकून आला. खाडीवर धक्का बांधायचा होता. चिखलात बूट बुडवायची त्याची तयारी नव्हती, म्हणून त्याने काठावरूनच थोरलीला विचारलं, "बाई, आत झाडं किती आहेत?"

"झाडं कसली हो साहेब! नुसती तिवरं," ती हसून म्हणाली. वर दोन खेकडेही दिले. भोळेपणालाही काही हद्द असते! त्याने लिहिलं, 'झाडे नाहीत', आणि खाली तिचा अंगठा घेतला. त्याला तिवर ठाऊक नव्हतं की ठाऊक असून सोयीचं नव्हतं, देव जाणे.

सहा महिन्यांनी यंत्रं आली. नऊ दिवसांत सगळं सपाट. घरटी पिल्लांसकट चिखलात पडली, बगळे वर घिरट्या घालत राहिले. थोरली जाब विचारायला गेली, तेव्हा मुकादमाने तिलाच तो कागद वाचून दाखवला. तिचं काळीज फाटलं. पण सांगणार कुणाला? घात आपल्याच जिभेने केला होता.

खेकडे संपले. पुढच्या उधाणाचं पाणी थेट चुलीत शिरलं, मागची भिंत खचली. धाकटीने लेकीकडे जायचं ठरवलं. लेकीच्या एका खोलीत आणखी एकीचीच सोय होती.

धाकटी बोचकं बांधत असताना थोरलीला राहवेना. "अगं, झाडं नाहीत असं मीच सांगितलं होतं. कागदावर अंगठा माझाच आहे."

धाकटीचा हात गाठीवरच थांबला. मग गाठ आवळत ती म्हणाली, "जाऊबाई, मला विचारलं असतं तर मीही तेच म्हणाले असते."

"पण विचारलं मला होतं."

यावर धाकटीला उत्तर सुचलं नाही. थोडं थांबली असती तर सुचलंही असतं, पण गाडीची वेळ झाली होती.