आधी आगरीत सांग

एम.ए.च्या प्रबंधाला मी मिठागरांचा विषय घेतला, कारण तो घरातलाच होता. ठाण्याजवळच्या बाळकुमला आमच्या वाडवडिलांनी मिठागरात राबून संसार केले. आता सगळीकडे टॉवर झालेत, आणि माझी आत्या त्यातल्याच एकात राहते. विषय माझा, पण लिहायचं होतं इंग्रजीत. घरी मी आगरी बोलायचे, शाळेत मराठीतून शिकलेले, कॉलेजच्या कट्ट्यावर हिंदी. इंग्रजी परीक्षेपुरतं.

पहिलं प्रकरण गाईड सरांकडून परत आलं. 'अर्थबोध होत नाही', एवढाच शेरा. सरांनीच मला लायब्ररीशेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे डोंबिवलीहून एक निवृत्त मॅडम यायच्या आणि लिखाणात अडलेल्या मुलांना मदत करायच्या.

मॅडमनी एका लांबलचक वाक्यावर बोट ठेवलं. "ह्यात तुला काय म्हणायचंय?"

डिक्शनरीतून शोधलेले भारदस्त शब्द मी एकापुढे एक लावले होते. मलाच सांगता येईना. डोळे भरून आले.

"अगं, रडतेस काय? घरी कुठली भाषा बोलता?"

"आगरी."

"मग आधी आगरीत सांग."

"तुम्हाला कळेल?"

"नाही कळलं तर विचारीन की!"

कॉलेजात मी आगरी कधीच बोलले नव्हते, पोरं हसतील म्हणून. दबकत सुरुवात केली. आत्या लहानपणी तिच्या आईबरोबर मिठागरात जायची. पायांना भेगा पडायच्या, त्यात मीठ जायचं. मॅडम मधेच थांबवायच्या. "कोणाचे पाय? बायकांचेच की सगळ्यांचे? हे कोणी सांगितलं तुला?" मी उत्तर दिलं की म्हणायच्या, "हेच लिही. छोट्या वाक्यांत. इंग्रजी चुकू दे, नंतर बघू."

नंतरही त्या चूक सुधारून द्यायच्या नाहीत. खाली नुसती पेन्सिलीची रेघ. काय चुकलं ते मीच शोधायचं. कधीकधी इतका वैताग यायचा! पण हळूहळू रेघा कमी झाल्या.

प्रबंधात आत्याचं बोलणं मी तिच्याच शब्दांत घातलं होतं. शेवटी शेवटी सर म्हणाले, "आत्याची आगरी वाक्यं काढून टाक, फक्त इंग्रजी ठेव." मी धावत मॅडमकडे.

"तुला काय वाटतं?"

"राहायला हवीत."

"मग सरांना सांग. मी येणार नाही हं."

सरांकडे गेले. "सर, आत्या म्हणते, 'मीठ पायाला चावाचा.' इंग्रजीत नुसतं 'दुखायचं' लिहिलं तर ते चावणं जातं. दोन्ही ठेवू का?"

सर म्हणाले, "अर्थ शेजारी दे. राहू दे."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं. वाचलं. कोणी हसलं नाही. उलट त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाचता?"

निकाल लागल्यावर आत्यानं केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन मी डोंबिवलीला मॅडमच्या घरी गेले. आभार मानायचे होते. वाकून नमस्कार केला. त्यांनी मला हाताला धरून डायनिंग टेबलाशी बसवलं, स्वतः कागद-पेन्सिल घेऊन समोर बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "भाकरी छान झालीय, हे आत्याला आगरीत कसं सांगायचं?"

त्यांनी तीनदा चुकीचं म्हटलं. चौथ्यांदा जमलं, तेव्हा मी आत्याला फोन लावला.