पुष्पानं भरलेली बाटली

पुष्पा राठोड डोकं फिरलेली बाई आहे, असं ठेकेदाराचा सुपरवायझर गावभर सांगत फिरतो. फिरू द्या! आठ वर्षं गावाची घाण निस्तरली त्या बाईनं, तिचं डोकं तुमच्या-आमच्यापेक्षा ठिकाणावर आहे.

बाभुळगावच्या पलीकडं एका लहान नगरपंचायतीचा सांडपाण्याचा प्लांट ती चालवते. गटारीचं सगळं पाणी तिथं येतं, टाकीतले जिवाणू घाण खातात आणि निवळलेलं पाणी नाल्यात जातं. जिवाणूंना हवा लागते, म्हणून ब्लोअर अखंड चालला पाहिजे. पुष्पा त्यांना 'माहं जित्राब' म्हणते. रोज सकाळी टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत भरून अर्धा तास ठेवायचं. तपकिरी गाळ खाली बसला, तर जित्राब धडधाकट.

पण वीज वाचवायला सुपरवायझर ब्लोअर बंद ठेवायला लागला. बरणीतलं पाणी काळं पडलं, गाळ बसता बसेना. मागच्या वर्षी प्रदूषण मंडळाचे साहेब तपासणीला आले, तेव्हा त्यानं तिला दटावलं, "नमुन्याच्या बाटलीत बोअरचं पाणी भर. नाही तर उद्यापासून येऊ नको." दोन पोरींच्या शाळेकडं पाहून तिनं भरलं. अहवाल आला, पाणी उत्तम! नाल्याकाठचा तांडा तिचाच, म्हणून अहवाल वाचून दाखवायला सुपरवायझरनं तिलाच पाठवलं. तिनं वाचला, तोही हसून. म्हणाली, ढोरं नाल्यावर न्या बिनधास्त. शेजारच्या भुरीबाईनं म्हैस नेली. आठ दिवस हगवण लागून म्हैस गेली. पुष्पाला स्वतःची लाज वाटली, पण तोंड काही उघडलं नाही.

यंदा पुन्हा तपासणी आली. सुपरवायझरनं बोअरची बाटली भरूनच ठेवली होती. साहेबांसमोर न्यायला त्यानं ती पुष्पाच्या हातात दिली. तिनं ती सगळ्यांदेखत उपडी केली.

"अवो बाई, काय करून राह्यली!" सुपरवायझर ओरडला.

"हे बोअरचं होतं, साहेब. नाल्यात जाते ते हे पाहा." काळ्या पाण्यात हात घालून तिनं दुसरी बाटली भरली. "अन् मागच्या साली बोअरचं मीच भरलं होतं. लिहा."

साहेबांचा पेन थांबला. "बाई, तुमच्यावरही कारवाई होईल."

"होऊ द्या न! मी कायले भिऊ? पण पहिले ब्लोअर लावा. माहं जित्राब मरून राह्यलं."

साहेबांनी ब्लोअर सुरू करायला लावला. पुष्पाला मात्र सुपरवायझरनं दुपारीच घरी धाडलं.

ती सरळ भुरीबाईच्या दारात गेली. साहेबासमोर बोलणं सोपं होतं हो, खरं अवघड काम हे होतं.

"काकी, तुही म्हैस माह्यापायी गेली. ते खोटं पाणी मी भरलं होतं."

भुरीबाई तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"माह्या तोंडावर हसून वाचलं होतं तुनं."

"हो, काकी."

म्हातारी उठली, ओढणी सारखी केली. "माफ नाही करत मी तुले. चाल."

"कुठी?"

"नगरपंचायतीत. म्हैस माही मेली, हे त्यायच्या कागदावर कोणी लिवलं? तू लिव. अंगठा मी देतो."