पीचच्या भिंतीच्या मावशी

मावशी बोलायला लागायच्या आधी पाठ भिंतीला टेकवत. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकजवळच्या एका जुन्या खानदानी बंगल्यामागे उंच विटांच्या भिंतींनी बंदिस्त केलेली बाग आहे. तिथे त्या पाहुण्यांना इतिहास सांगायच्या, व्हॉलंटियर म्हणून. "ही भिंत आतून पोकळ. मागून जाळ करायचे, धूर विटांतून फिरायचा, म्हणून या थंडीत पीच पिकायचे. टेका पाठ, घाबरू नका!"

मावशी मुंबईच्या मराठी ज्यू. शनिवारी येत नसत. "शनिवारी गर्दी तुमची, विश्रांती आमची."

पीचच्या फांद्या भिंतीवर पंख्यासारख्या पसरून बांधाव्या लागतात. बाकीचे प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरत. मावशी जुन्या सुती साड्या फाडत, चिंधी फांदीभोवती घेऊन खिळा ठोकत. "जुन्या माळ्यांचीच रीत गं. फक्त त्यांच्याकडे साड्या नव्हत्या."

मला मात्र या बागेचं कौतुक सहन होईना. बंगल्याच्या मूळ मालकाने दख्खन लुटून आणलेल्या पैशावर ही बाग उभी, आणि बागेतल्या फलकावर त्याच्याबद्दल काय? 'बागकामाचे रसिक'! मी पत्रक काढलं, गेटवर वाटलं. मावशींनाही दिलं.

"ए पत्रकवाली, स्वल्पविराम टाकत जा. वाचताना दम लागतो."

पुढच्या रविवारी भिंतीला पाठ टेकवून त्यांनी पत्रकातलं सगळं पाहुण्यांना सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "ऊब खरी आहे. जाळ कशावर पेटला, तेही खरं आहे."

मॅनेजरने अत्यंत गोड शब्दांत त्यांना आराम करायला सांगितलं. पाळ्यांच्या यादीत त्यांचं नाव पुन्हा आलं नाही. गेटवर ओरडणाऱ्या मला कुणी बोटही लावलं नाही. माझ्याकडून काढून घेण्यासारखं तिथे होतंच काय?

आम्ही लढलो. एक निवेदन, एकच मागणी, हे आमच्या संघटनेत पहिल्या दिवशी शिकवतात. मागणी फलकाची होती. मावशींना परत घेण्याची नव्हती. फलक बदलला. पत्रकातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. तरी लंडनमध्ये एजवेअरला, त्यांच्या लेकीच्या घरी पोचल्यावर बेल वाजवण्याआधी मी गल्लीला एक फेरी मारली.

मावशी रेडिएटरला पाठ लावून बसल्या होत्या. मी फोनवर फलकाचा फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला.

"छान. स्वल्पविरामही आहेत."

मग दोन बोटांनी फोटो मोठा करून त्या त्याच्या कडा शोधू लागल्या. डावीकडे, उजवीकडे, वर.

"फांद्या कुणी बांधतं का गं आता?"

फोटोत फक्त फलक होता.