जोतीराम आभार मानतो

खैरवाडीत कुठलाही समारंभ असला की लोक शेवटाला येत. भाषणं चालू असेपर्यंत मांडवात सरपंच, गुरुजी आणि सावलीला आलेली चार कुत्री एवढीच मंडळी. "आता आभार प्रदर्शन" असं कर्ण्यावर ऐकू आलं, की बाया पिठाचे हात न पुसता धावायच्या. कारण आभार जोतीराम मानायचा.

जोतीराम म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई. चाळिशीचा, उंच, काटकुळा आणि चेहऱ्यानं इतका गंभीर, की त्यानं नुसतं दार वाजवलं तरी घरातली माणसं पटका डोक्याला गुंडाळून विचारत, "कोण गेलं?" ह्या माणसात हसण्यासारखं काही असेल असं अख्ख्या तालुक्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तो ह्या फंदात पडला तो गुरुजींचा घसा बसला म्हणून. बासष्ट साली विहिरीचं उद्घाटन होतं, सभापती आले होते, आणि आयत्या वेळी गुरुजींच्या तोंडून आवाजच फुटेना. सरपंच नानासोंनी शेजारी घागर धरून उभ्या असलेल्या जोतीरामला पुढं ढकललं आणि कानात म्हणाले, "ज्यानी ज्यानी काय केलंय त्याचं नाव घे आन् खाली बस."

जोतीरामनं हे शब्दशः घेतलं. तो म्हणाला, "सभापती साहेब बसल्यात ती खुर्ची नानासोंची. पण तिचा मागचा डावा पाय गेल्या दिवाळीला मोडला, तो केरबा सुतारानं बाभळीचा बसवला. म्हंजे साहेब तीन पायांवर नानासोंच्या आन् एका पायावर केरबाच्या उपकारानं बसल्यात. बाभळ अर्जुनाच्या बांधावरची. ती त्यानं दिली न्हवती, केरबानं न इचारता तोडली. तरीबी अर्जुना अजून भांडाय आलेला न्हाई, त्याचंबी आभार." गर्दीतला अर्जुना हे ऐकून ताडकन उठला आणि केरबाला शोधायला लागला. मांडव हसून आडवा झाला.

जोतीराम मात्र घागर घेऊन तसाच घरी गेला आणि तोंड पाडून बसला. लोक का हसले ह्याचा त्यानं खूप विचार केला आणि त्याला एकच कारण सापडलं: आपल्याकडून कुणाचं तरी नाव राहिलं. आभार मानताना माणूस गाळणं ही केवढी नाचक्की! मग पुढच्या वेळी त्यानं आठ दिवस गावभर हिंडून यादी केली. मांडवाचे बांबू कुणाचे, सुतळी कुणाची, सुतळी कमी पडली तेव्हा परकराची नाडी काढून देणारी सुलाबाई कोण, सगळं तपासून घेतलं. ती यादी त्यानं जशीच्या तशी म्हटली. लोक आणखी हसले. मग त्यानं यादी आणखी वाढवली. असं तीन वर्षं चाललं होतं.

त्याची कीर्ती पसरली. औंधाहून बोलावणं आलं, फलटणकडून बैलगाडी आली. एका गावानं तर उद्घाटनाला काही नव्हतं म्हणून नुसतेच आभार ठेवले. खैरवाडीत माणसं आपलं नाव यादीत यावं म्हणून काहीबाही करायला लागली. भाऊसोनं पंचायतीच्या चांगल्या बाकाचा पाय रात्रीत मोडला आणि सकाळी दुरुस्त करायला हजर झाला. जोतीरामनं दोन्हीबद्दल त्याचे स्वतंत्र आभार मानले.

ह्या सगळ्या सभांना पुढच्या रांगेत एक म्हातारी असायची, आणि ती व्यासपीठाकडं पाठ करून बसायची. ती पारूबाई. जोतीरामची शेजारीण. त्याची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढं सात वर्षं पारूबाईनं त्याला भाकरी घातली. घरची परिस्थिती तिची तरी कुठं बरी होती! पण घातली, आणि प्रत्येक भाकरीबरोबर एक सणसणीत शिवीही घातली. मोठा झाल्यावर एकदा त्यानं, "आत्ती, तुझं लय उपकार..." असं सुरू केलं, तर ती म्हणाली, "उपकार ऱ्हाऊ दे, मुडद्या, ताट घास." त्याचं ते अर्धं वाक्य तेव्हापासून त्याच्या घशात अडकलेलं होतं. आता पारूबाई ठार बहिरी झाली होती. म्हणून ती तोंड लोकांकडं करून बसायची. लोकांचे चेहरे हसले की पोरगं नीट बोलतंय एवढं तिला कळायचं, आणि ती कमरेची चंची सोडून समाधानानं पान लावायची.

पासष्ट साली शाळेच्या दोन नव्या खोल्या झाल्या. जागा दिली होती पारूबाईनं, तीही कुणी फारसं न मागता. पण दगडावर नावं कोरली गेली ती नानासोंची आणि सभापतींची. जोतीरामनं तो दगड वाचला आणि ठरवलं, की ह्या वेळी पारूआत्तीचे आभार मानायचे आणि कुणी हसायचं नाही. बाकी काय वाट्टेल ते होवो. अडचण एवढीच होती, की ती जागा म्हणजे पारूबाईचा उकिरडा होता.

पारूबाईचं घर सोडून तो घरोघर गेला. "एवढ्या एका डावाला हसू नगा," म्हणून हात जोडले. गावाला त्याची दया आली. सगळ्यांनी बिरोबाच्या देवळात जाऊन हळदीचा भंडारा उचलला आणि शपथ घेतली. भंडारा उचलल्यावर शपथ मोडायची कुणाची छाती नसते. स्वतःवर भरवसा नसलेल्यांनी येताना तोंडात कोंबायला पदराचे बोळे आणि पटक्याची टोकं तयार ठेवली.

सभापतींना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. समोर तीनशे माणसं तोंडात कापड धरून, डोळे विस्फारून बसलेली पाहिली आणि त्यांनी आपलं भाषण भीतीनं चार मिनिटांत आटोपलं.

जोतीराम उभा राहिला. "ह्या खोल्या हायत ती जागा पारूबाईची. हितं तिचा उकिरडा हुता. सासूपासनंचा. सभापती साहेब, तुमची खुर्ची हाय नव्हं? बराबर तितं."

सभापतींनी पाय वर घेतले. मांडवात चिडीचूप. केरबाचे डोळे पाण्यानं भरले, पण बोळा त्यानं सोडला नाही.

"तिनं मला सात वर्सं भाकर घातली. भाकरीमागं एक शिवी. भाकरी तवाच जिरल्या. शिव्या अजून पंचायतीच्या कामाला येत्यात."

तरी चिडीचूप. आणि इथंच जोतीरामची गाडी अडली. आजवर लोक हसत, तेवढ्यात तो दम घेई, पुढचं नाव आठवी. आज दम घ्यायला जागाच मिळेना. हवी होती ती शांतता मिळाली होती आणि तिच्यात ते घशातलं वाक्य काही केल्या सुटेना. तो नुसता उभा राहिला.

पुढच्या रांगेत पारूबाईच्या हातातलं पान तसंच राहिलं. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. एक चेहरा हसत नव्हता. काही बायांच्या डोळ्यांतून तर पाणी वाहत होतं. पोरगं काहीतरी भयंकर बोलून बसलं, हे तिनं ओळखलं. ती काठी टेकत तडक व्यासपीठावर चढली आणि कर्ण्याच्या माईकमध्ये ओरडली, "मुडद्या! काय बोललास म्हून लोकं गप झाली? आँ? जीभ झडली तुजी?" मग लोकांकडं वळून तिनं हात जोडले. "आवं मायबाप, चुकलं आसंल तर पदरात घ्या. पोरगं वाईट न्हाई. आय न्हाई वं त्येला."

चाळीस वर्षांचं ते पोरगं मान खाली घालून उभं होतं.

पहिल्यांदा फुटले सभापती. त्यांनी भंडारा उचललेला नव्हता. मग केरबाचा बोळा उडाला, आणि मग शपथेबिपथेचं कुणाला भान राहिलं नाही. हसता हसता निम्मे लोक रडत होते, आणि कोण काय करतंय ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावानं बिरोबापुढं नारळ फोडून माफी मागितली.

पारूबाईनं ते चेहरे नीट निरखून पाहिले आणि तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात जोतीराम वाकला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. ते कर्ण्यावर आलं नाही. तिलाही ऐकू गेलं नसणार. पण तिनं त्याच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं, पदरानं स्वतःचं नाक पुसलं आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"लोकं हसत्यात तवर खाली उतर, मुडद्या," ती म्हणाली. "पुन्हा गप झाली म्हंजे?"

जोतीराम उतरला. यादीतली एकोणीस नावं तशीच राहिली. त्यांतला कर्णेवाला सिद्धू त्याबद्दल पुढं कैक वर्षं रुसून होता. लोक अजून हसतच होते, आणि जोतीरामला मात्र पहिल्यांदाच कुणाचं नाव राहिल्यासारखं वाटलं नाही.