जानकीबाईंचा भेरली माड

फोंडाघाटाच्या पायथ्याशी जानकीबाईंची पोफळीची बाग. वरच्या झऱ्याचं पाणी मधली घळ ओलांडून बागेत यायचं ते भेरली माडाच्या पन्हळीतून; हा नारळाचा नव्हे, रानातला माड. माडाचं खोड उभं चिरायचं, आतला गर खरवडून काढायचा, की झाली पन्हळ. त्र्याऐंशीच्या माघात जुनी पन्हळ कुजून घळीत कोसळली. डोंगराखाली वीज नव्हती, पंपाचं नावच नको. पोफळी फुलोऱ्यात, आणि पाणी बंद.

नवी पन्हळ उभीच होती म्हणा. बागेच्या वरच्या अंगाला एक भेरली माड. हे झाड पुरतं वाढल्यावर, आयुष्याच्या शेवटीच फुलायला लागतं. पहिला घोस शेंड्याला, मग दरसाल खाली खाली उतरत, जटा सोडल्यासारखे. सगळ्यांत खालचा पिकला की झाड मरतं. या माडाला तो शेवटचा घोस लागला होता, पण फळं अजून हिरवी.

जानकीबाईंचा दीर बाळा संपात गिरणी सुटल्यावर मुंबईहून गावी आलेला. तो कुऱ्हाड घेऊनच उभा.

"वयनी, मरतलोच आसा तो. आज तोडलो काय आणि उद्या काय?"

"मरतलो तर मरांदे. आदी घोस पिकांदे. तू काय यमाचो कारकून?"

बाई हट्टी म्हणून नव्हत्या अडून बसल्या. त्यांच्या सासऱ्यांनी एकदा असाच घाईने हिरव्या घोसाचा माड पाडला होता. गर ओला, गोड; पन्हळीला भुंगा लागला आणि ऐन वैशाखात ती फुटली. बागेचा एक कोपरा तेव्हा वाळला तो अजून उघडाच आहे. फळं पिकेपर्यंत माड गरातला सगळा गोडवा वर ओततो, मग खोड टणक राहतं. तेव्हा थांबायचं. पण थांबेपर्यंत पोफळी जगवायच्या कशा?

मी तेव्हा धरणग्रस्तांच्या कामासाठी फोंड्यात उतरलो होतो. वाडीतले लोक पारावर बसून "बाईची बाग गेली" म्हणून चुकचुकताना ऐकले आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तोंडाची वाफ दवडताय, त्यापेक्षा कळशा घ्या की!" चार शिव्याही दिल्या. शिव्यांनी काम झालं, हे मी अभिमानाने सांगतो. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी घळीत माणसांची रांग लागली, कळशी हातोहात खाली.

मी रांगेतच भाषण सुरू केलं, तर जानकीबाई म्हणाल्या, "भाई, भाषान मागीर करा. तुमची कळशी गळता."

चैत्र गेला. कळशांनी पोफळी हिरव्या राहिल्या, पण फुलोरा गळायला लागला. बाई रोज माडाखाली जाऊन वर बघून यायच्या. बाळा कुऱ्हाडीला धार लावत बसायचा. मलाही वाटलं, पाडा एकदाचा.

मग एका सकाळी पंखांचा मोठा आवाज झाला. धनेशाची जोडी घोसावर येऊन बसली आणि लाल फळं टपाटप खाली पडू लागली. बाई धावत गेल्या. झाडाखाली उदमांजराच्या विष्ठेतही बिया होत्या.

"पिकलो गो बाय, पिकलो!" असं म्हणून त्या पदराने डोळे पुसू लागल्या.

घोस मोकळा झाल्यावर बाळाने माड पाडला. आतला गर कोरडा, भुशासारखा निघाला आणि खोड असं कठीण की कुऱ्हाड वाजायची. पन्हळ घळीवर चढवली. पाणी आधी गढूळ आलं, मग स्वच्छ. रांगेतल्या माणसांनी कळशा उपड्या टाकल्या आणि ती सावलीत आडवी झाली.

बाळाने पेरायला म्हणून फळं उघड्या हातांनी गोळा केली होती. त्या रसाने खाज सुटते, हे मुंबईत तो विसरला असावा. उड्या मारत पन्हळीकडे धावला आणि त्याने कोपरापर्यंत हात पाण्यात घातले.

"पयलो मान तुकाच रे," जानकीबाई म्हणाल्या आणि पानात गुंडाळून एक बी बागेच्या त्या उघड्या कोपऱ्याकडे घेऊन गेल्या.