माफीचा व्हिडिओ

त्या जानेवारीतले नऊ दिवस मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यातलं बरंचसं आता तपशिलाने आठवत नाही. हे प्रकरण मात्र आठवतं, कारण त्यात आरोपीच्या रकान्यात मला माझंच नाव लिहावंसं वाटतं. तेव्हा मी जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो आणि निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. नाव मी इथे कोणाचंच देणार नाही.

सुरुवात डिसेंबरात, एका फोनने झाली. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत होतो, तेवढ्यात तीर्थपुरीच्या बाजारातल्या एका ओळखीच्या कापड दुकानदाराचा फोन आला. हे गृहस्थ आम्हाला अधूनमधून खबर द्यायचे. त्यामागचा हेतू नेहमी शुद्ध असायचाच असं नाही, पण खबर बहुतेक खरी निघायची.

"साहेब, तुम्हाला एक रील पाठवलंय," ते म्हणाले. "एक पोरगं तलवार घेऊन नाचून राह्यलंय. वातावरण खराब व्हायच्या आत जल्दी बघा."

रील पाहिलं. उसाच्या फडासमोर एक उंच पोरगा, डोळ्यांवर गॉगल, हातात नंगी तलवार आणि खाली 'आपल्या वाटेला जायचं न्हाई' अशी ओळ. मागे दूरवर साखर कारखान्याचं धुराडं दिसत होतं. माझे एक जुने हवालदार त्याच भागातले. त्यांनी ते धुराडं कोणत्या बाजूला दिसतं एवढ्यावरून अंकुशनगरच्या आसपासचं गाव सांगितलं. दुपारपर्यंत पोरगा, त्याचे वडील आणि ती तलवार असे तिघंही ठाण्यात हजर झाले.

घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. वडिलांनी मात्र मेंढरं विकून एक पांढरी घोडी घेतली होती आणि लग्नाच्या वरातींना ती भाड्याने द्यायचे. आमच्या भागात मारवाडी कुटुंबं पुष्कळ. त्यांच्या लग्नात नवरदेव घोडीवर बसतो तेव्हा त्याच्या हातात तलवार लागते आणि ती घोडीवाल्यानेच पुरवायची अशी रीत आहे. ही तीच तलवार होती.

"साहेब, नवरदेवाच्या हातातली हाय ही," वडील म्हणाले. "हिनं लिंबू बी कापत न्हाई."

मी पात्यावरून अंगठा फिरवून पाहिला. धार नावाला नव्हती. मुठीला लाल दोरा बांधलेला आणि कुंकवाचे वाळके डाग. खरं तर प्रकरण तिथेच संपलं होतं. पोराला समज द्यायची, वडिलांना चहा पाजायचा आणि दोघांना घरी पाठवायचं, एवढंच काम उरलं होतं.

पण त्या वर्षी आमच्याकडे एक नवी टूम निघाली होती. कोणी दादागिरीचं रील टाकलं की त्याला ठाण्यात आणायचं, हात जोडून माफी मागायला लावायची आणि तो व्हिडिओ ठाण्याच्या पेजवर टाकायचा. आधी त्याचं रील, मग त्याची माफी, मागे दणदणीत संगीत. लोकांना हे फार आवडायचं. शेजारच्या ठाण्याच्या अशा एका व्हिडिओचं वरिष्ठांच्या बैठकीत कौतुक झालं होतं आणि आमच्या पेजवर मात्र एका हरवलेल्या म्हशीची पोस्ट सगळ्यात वर होती. मला ते लागलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी पोराला भिंतीपाशी उभं केलं आणि वाक्यं पाठ करून घेतली. पहिल्या दोन्ही वेळा त्याला लाजेने हसू आलं. तिसऱ्या वेळी मी दरडावलं, तेव्हा त्याचा आवाज कापला आणि डोळे भरून आले. आम्ही तोच व्हिडिओ ठेवला.

हवालदारांनी मध्येच हळूच विचारलं होतं, "साहेब, शाळंतलं पोर वाटतंय. वय बघून घेऊ का?"

"गुन्हा कुठे नोंदवतोय आपण?" मी म्हणालो. मिसरूड फुटलेलं, माझ्याएवढं उंच पोर. मी त्याला एकोणीस-वीसचा धरून चाललो.

व्हिडिओ हजारोंनी पाहिला. एका वरिष्ठांनी मला अंगठा पाठवला. मी घरी जाऊन व्हिडिओ बायकोलाही दाखवला. तिने पाहिला आणि "रडतंय की ओ ते," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

तीन आठवड्यांनी एका सकाळी त्या पोराचे वडील एकटेच ठाण्यात आले. बाकावर बसले. मग म्हणाले, "पोरगं काल शाळंला म्हणून गेल्तं. आलं न्हाई."

अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. त्यासाठी वयाचा पुरावा लागतो. वडिलांनी पिशवीतून शाळेचा दाखला काढला. मी स्वतः फिर्याद लिहून घेत होतो. जन्मतारखेपाशी माझं पेन थांबलं. पोरगा पंधरा वर्षं आठ महिन्यांचा होता, दहावीत.

कायद्याच्या कचाट्यात आलेल्या बालकाची ओळख कोणीही, कुठेही उघड करायची नाही. नव्या शिपायांना हा नियम मीच शिकवत आलो होतो. त्या दिवशी मी त्याच्यावर रीतसर कारवाई केली असती, तर पहिल्याच कागदावर वय आलं असतं आणि त्याचा चेहरा झाकला गेला असता. मी मेहरबानी म्हणून त्याला कागदावर घेतलं नाही आणि सगळ्या जिल्ह्यासमोर उभं केलं.

"मोबाइल नेलाय का त्यानं?" मी विचारलं.

"न्हाई. गव्हाच्या कोठीत टाकून गेला."

पंधरा वर्षांचं पोर घर सोडताना कपडे विसरेल, पैसे विसरेल, पण मोबाइल विसरत नाही. मोबाइल टाकून गेलेलं पोर परत यायच्या विचारात नसतं. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि विहिरींची यादी करायला घेतली. पुढचे तीन दिवस आम्ही त्या शिवारातल्या विहिरींत गळ टाकले. गळाचा दोर वडील स्वतः धरायचे, दुसऱ्या कोणाला धरू द्यायचे नाहीत. दर वेळी दोर वर येताना ते डोळे मिटून घ्यायचे. मी काठावर उभा राहून घामाने भिजायचो, जानेवारीत.

बसस्थानकाच्या कॅमेऱ्यांतही काही मिळालं नाही. त्याच्या मोबाइलवरची सोशल मीडियाची खाती त्याने रिकामी केली होती. मग मी त्याच्या जिवलग मित्राकडे गेलो, ज्याने ते तलवारीचं रील काढलं होतं. लहान मुलाला ठाण्यात बोलवायचं नसतं आणि त्याच्यासमोर वर्दीत जायचं नसतं. यावेळी मी नियम तंतोतंत पाळले. साधा सदरा घालून त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईला शेजारी बसवलं आणि आधी नुसत्याच अभ्यासाच्या गप्पा मारल्या.

पोरगा मान वर करेना. गुन्हेगाराची चौकशी करताना आपण तो कधी खोटं बोलतो ते बघतो. पोरांच्या बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे. ते कशावर गप्प होतात ते बघावं. रीलला कोणती गाणी लावतोस, असं मी विचारलं आणि हा पोरगा गप्प झाला.

"कोणतं गाणं?" मी पुन्हा विचारलं.

त्याच्या आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा तो बोलला. माझा माफीचा व्हिडिओ कापून त्याने त्यावर एक विनोदी गाणं लावलं होतं. पोराचा कापरा आवाज पुन्हा पुन्हा वाजायचा, रडवेला चेहरा जवळ यायचा. ते रील मूळ व्हिडिओपेक्षा जास्त चाललं.

"मी फक्त गाणं लावलं, साहेब," तो म्हणाला. "माझे फॉलोअर वाढले. मला वाटलं, त्यो बी हसंल."

"हसला का?"

"पहिल्या दिवशी हसला. मंग शाळेत समदे त्याला बघून हात जोडाया लागले. बारकी पोरं बी. सरांनी बी एकदा जोडले. वरातीत घोडीमागं गेल्ता, तिथं नवरदेवाच्या दोस्तांनी त्याला ओळखलं आन्‌ पुन्हा माफी मागाया लावली, मोबाइलात घ्यायला. तवापासून कुणाच्या हातात मोबाइल बघितला की त्यो तोंड फिरवायचा. माझ्या बी."

त्याला रागावणं सोपं होतं. पण त्याने फक्त गाणं लावलं होतं, सरांनी फक्त हात जोडले होते आणि मी फक्त पेजवर टाकलं होतं. मी त्याच्या आईचा निरोप घेऊन उठलो.

परत येताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. वडिलांना पुन्हा गाठलं आणि विचारलं, "नातेवाइकांत कोणाकोणाला विचारलंत?"

"समद्यांना फोन केले साहेब. एक घर सोडलं न्हाई."

"ज्याच्याकडे फोनच नाही, असं कोणी आहे का?"

त्यांनी बोटांवर नाती मोजली. मग म्हणाले, "माझा थोरला साळा. मेंढरामागं ऱ्हातो, भोकरदनकडं. त्यो मोबाइल वापरतच न्हाई."

ज्या पोराला मोबाइल नजरेसमोर नको होता, ते पोर आणखी कुठे जाणार?

अडचण एवढीच की मेंढपाळाला पत्ता नसतो. पण त्याची वाट सापडते. पिकं निघाली की खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. दोन रात्री एकाच्या शेतात, मग दुसऱ्याच्या. हसनाबादच्या शिवारात आम्ही विचारत गेलो. एकाने सांगितलं, माझ्याकडून ती अमक्याच्या तुरीच्या रानात गेली. त्याने पुढच्याचं नाव सांगितलं. नवव्या दिवशी दुपारी मी आणि हवालदार मोटारसायकलवरून तिसऱ्या शेताच्या बांधावर पोचलो.

पोरगा वाघर लावत होता, म्हणजे मेंढरांभोवती बांधायची जाळी. अंगात मामाचा सैल सदरा. त्याला जिवंत पाहून मी बांधावरच बसलो. त्याने मला साध्या कपड्यांतही ओळखलं. हातातली खुंटी खाली ठेवली, सरळ उभा राहिला आणि हात जोडले.

"पुन्हा व्हिडिओ काढायचा का, साहेब?"

मी उठून त्याचे हात सोडवले. म्हणालो, "चूक माझी झाली, बाळा. तुझी नव्हती." हवालदारांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मामा मेंढरांतून चालत आला आणि आम्ही कोण ते न विचारताच आमच्यासाठी चहा ठेवायला गेला.

पोराने परत यायला एकच अट घातली. "घरी येतो. पर शाळेत न्हाई."

कागदावर पुढचं सोपं होतं. बाल कल्याण समितीसमोर जबाब, वडिलांच्या ताब्यात पोर, गुन्ह्याचा निपटारा. माझ्या चुकीचा अहवाल मी स्वतःच वरिष्ठांना पाठवला आणि लेखी ताकीद घेतली. पेजवरचा व्हिडिओ काढला. सायबर शाखेने इतर ठिकाणचेही काही काढायला लावले. काही गेले, काही दुसऱ्याच नावाने पुन्हा वर आले. शाळेत मी प्रार्थनेच्या वेळी उभा राहिलो आणि चूक माझी होती हे सगळ्या मुलांसमोर सांगितलं. मी बोलत असताना एक शिक्षक माझं चित्रण करत होते. त्यांना मोबाइल खिशात ठेवायला सांगावं लागलं.

मार्चमध्ये दहावीचा बंदोबस्त लागला. पहिल्या पेपरला मी केंद्राच्या फाटकावर होतो. कॉपी होऊ नये म्हणून आत जाणाऱ्या मुलांचं चित्रण करायचं होतं आणि आमचा एक शिपाई मोबाइल धरून उभा होता. वडील पोराला घेऊन आले. शाळेत जाणार नाही म्हणणारा तो पोरगा परीक्षेला तरी आला होता. त्याने तो मोबाइल पाहिला, थबकला आणि मागे वळला. वडिलांनी दंड धरला, तरी तो पाय उचलेना. घंटेला पाच मिनिटं होती.

मी शिपायाच्या हातातला मोबाइल काढून माझ्या खिशात टाकला. "पण साहेब, आदेश..." तो म्हणाला. "मी बघतो," मी म्हणालो. पोराने मान वर केली, शिपायाच्या रिकाम्या हाताकडे नीट पाहून घेतलं आणि फाटकातून आत गेला. तो पास झाला, पुढे आयटीआयला गेला, एवढं मला माहीत आहे.

आता लोक मला शाळांमध्ये पोरांना सोशल मीडियाबद्दल चार गोष्टी सांगायला बोलावतात. मी पोरांना थोडंच सांगतो, मोठ्यांना जास्त. पोरं कौतुकासाठी भुकेलेली असतात, हे मला ठाऊक होतं. तीच भूक माझ्या वर्दीतही होती, हे या प्रकरणाने मला दाखवलं. पस्तीस वर्षांत मी किती तरी माणसांना पकडलं, आणि शिक्षा भोगून किंवा निर्दोष ठरून ती सगळी कधी ना कधी सुटली. या एका पोराला मात्र मला अजून सोडवता आलेलं नाही. कोणाच्या तरी मोबाइलवर तो आजही हात जोडून उभा आहे.