अक्षता आणि आतली नळी

बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यातल्या नळीचा आमच्या घरातला तज्ज्ञ मी आहे. (हे मत माझंच.)

घशाच्या ऑपरेशनात डॉक्टरांनी बाबूजींच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवली. तिच्या आत आणखी एक नळी; ती रोज काढून धुवायची, आणि काही आत जाऊ नये म्हणून वरून मलमलची पट्टी बांधायची. बोलायचं तर नळीवर बोट ठेवून. नर्सबाई शिकवत होत्या तेव्हा मी, विज्ञानाचा मास्तर, अख्खी वही भरली. चौथी शिकलेली आई नुसती बघत होती. पुढे धुण्याचं काम तिच्याकडे गेलं आणि त्यावर भाषण देण्याचं माझ्याकडे!

चुलतबहिणीच्या लग्नाला आम्ही आंजीहून पिपरी मेघेला गेलो. पाहुणे बाबूजींभोवती जमले आणि माझी छाती फुगली. "पाहा, कशी चकचकीत ठेवली आम्ही!" म्हणत मी पट्टीच सोडली.

"बांध ते पहिले," आई म्हणाली.

"थांब न आई, मले समजते सारं!"

तेवढ्यात 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या आणि बाबूजींच्या नळीतून शिट्टी वाजली! त्यांनी बोट ठेवलं, पण आवाज फुटेना. चेहरा काळवंडला. तांदूळ नळीत गेले होते!

मी काय केलं? कफ ओढायचं मशीन लावायला बोर्डातली दिसेल ती वायर उपटली. भटजींचा माईक बंद! दुसरी उपटली. पंखे बंद!

"काऊन बे, लगन बंद पाडून राह्यला?" नवरीचे वडील, म्हणजे माझे काका, ओरडले.

मग आठवलं, मशीन घरीच राहिलंय. मी वही शोधू लागलो. (तीही घरीच!)

"बाजूले हो," आई म्हणाली. तिनं एका हातानं बाहेरची नळी धरली, दुसऱ्यानं आतली फिरवून अलगद काढली. "खोका आता, जोरानं!" एक तांदूळ नळीसोबत आला, दुसरा उडून थेट माझ्या चष्म्यावर! मग पिशवीतल्या डबीतून धुतलेली दुसरी नळी काढून तिनं बसवली. बाबूजींनी लांब श्वास घेतला, तेव्हा कुठे माझाही सुटला.

दवाखान्यात डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. आत काही उरलं नव्हतं. "नळी कोणी काढली?" त्यांनी विचारलं.

"माह्या आईनं!" मी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की बाहेरचे पेशंट डोकावले. एवढा अभिमान मला माझ्या डिग्रीचाही कधी वाटला नव्हता.

अक्षता फेकणाऱ्या त्या बेअक्कल माणसाला मात्र मी महिनाभर शिव्या घातल्या. मग लग्नाचा व्हिडिओ आला. सगळे टीव्हीसमोर बसलो. 'सावधान' झालं आणि बाबूजींच्या अगदी समोरून एक भरगच्च मूठ उधळली गेली. उधळणाऱ्याच्या दुसऱ्या हातात मलमलची पट्टी होती. म्हणजे हात माझाच!

बाबूजींनी शांतपणे नळीवर बोट ठेवलं.

"मास्तर, नवरी तिकडे होती नं!"